हाडांच्या चुऱ्याची बाजरी

आश्विन वद्य पंचमी, शके १८५२

दादा आज माझ्या रेताड पट्टीत आला. वाटणीत काळी जमीन त्याने घेतली आणि तापीकाठची ही वाळू माझ्या गळ्यात मारली. तेव्हा मूठ आवळली की सगळी बोटांतून गळून जायची. दरसाल शेणखत ओतलं, मेंढ्या बसवल्या, ताग गाडला. यंदा हाडांचा चुरा आणून टाकला, तर दादा गावभर सांगत सुटला की मी रान बाटवलं. "हाडकास्नी बाजरी! तुन्हा घरनं पानी बी मी पेवाव नही," असं तोंडावर म्हणाला. पोळ्याला आमचा उंबरासुद्धा चढला नाही.

आज मात्र कणसं पाहून खाली वाकला. माती मुठीत दाबली. लाडवासारखा गोळा वळला गेला. म्हणे, "भाऊ, वाटा बदली टाकूत. तू काळी ले." एकाएकी एवढी माया? त्या काळीत कधी एक गाडी खत पडलं नाही, ती पार खंगली आहे, हे मला दिसत नाही होय?

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. का केला? थोरला म्हणून?

"ऱ्हाऊ दे. घर जाईसन पेसू."

तांब्या तसाच भरलेला राहिला. मातीचा गोळा मात्र वहिनीला दाखवायला उपरण्यात बांधून घेऊन गेला.