शेवटची येईपर्यंत

प्रिय समीक्षा,

फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, म्हणून वहीची पानं फाडून लिहितेय. अक्षराला हसू नकोस, सकाळपासून हँडल धरून बोटं आखडली आहेत. मी आंबेनळी घाटात आहे, पनवेलहून सायकलने आलेय, आणि एकटी आलेय. दचकू नकोस. सत्तेचाळिसाव्या वर्षी माझ्या गुडघ्यांनी माझी लाज राखली आहे.

गुरुवारी सकाळी सहाला खांदा कॉलनीतून निघाले. शैलेशने मला फाटकापर्यंत सोडलं आणि तीनदा बजावलं की, एसटीच्या टपावर सायकल टाकून परत यावं लागलं तर लाजू नकोस. नवऱ्याचा विश्वास असावा तर असा! कर्नाळ्याच्या खिंडीत उजाडलं. दर रविवारी पुढे कोण यावरून आपण दोघी जिथे भांडायचो, तिथे भांडायला कोणी नव्हतं, म्हणून न थांबता चढ पार केला. हायवेवर इतकी धूळ खाल्ली की माणगावच्या मुक्कामी जेवायची गरज नव्हती. तरी दोन थाळ्या जेवले. दुसरा मुक्काम पोलादपूर. आज सकाळी घाटाला भिडले आणि कुठेही न उतरता वर पोचले. बढाई मारतेय, मारू दे.

निघण्याआधी तुझ्या आईला मासळी बाजारात गाठलं होतं. मला वाटलं, गोदूबाई तोंड फिरवतील. त्यांनी पाटीमागे बसायला जागा दिली आणि गिऱ्हाइकांसमोरच माझी खरडपट्टी काढली. “पोरीनं सायकल बाल्कनीत टाकलीय, तिच्यावर टॉवेल सुकवते. ती पडली त्याचं तिला कायच नाय. तू मागं आली नाय, त्याचं हाय.” वर सुकटीच्या चटणीची पुडी न विचारता माझ्या पिशवीत कोंबली. ती पुडी महाडलाच संपली, हे त्यांना सांगू नकोस.

समीक्षा, गेल्या जानेवारीतला याच घाटातला तो दिवस मी रोज आठवते. आपल्या सायकल ग्रुपमध्ये धनेशदादांचा एकच नियम होता: जो आधी वर पोचेल त्याने वळून खाली यायचं, शेवटच्याला गाठायचं आणि त्याच्या मागे राहून पुन्हा चढायचं. शेवटचा पोचेपर्यंत घाट झाला असं म्हणायचं नाही. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी सगळ्यांच्या आधी वर पोचले होते. शाळेच्या शर्यतीतसुद्धा मी कधी पहिली आले नव्हते, तुला माहीत आहे. शेवटची तू होतीस. तू खाली वळणावर खडीवरून घसरलीस, कॉलरबोन मोडून चाळीस मिनिटं रस्त्याच्या कडेला बसलीस आणि शेवटी एका टेम्पोवाल्याने तुला वर आणलं. मी सगळ्यांना सांगितलं की टायर पंक्चर झाला होता, म्हणून खाली येता आलं नाही. तूही मान हलवलीस. दुसऱ्या दिवसापासून तू मला ब्लॉक केलंस.

पंक्चर झालाच नव्हता. मी फोटो काढून घेत होते. शैलेशला, माझ्या बहिणीला, ऑफिसमध्ये, सगळ्यांना फोन करून सांगत होते की मी पहिली आले. तू वाटेत बोरं वेचत बसली असशील, अशी मनाची समजूत काढली आणि आणखी एक फोटो काढला. तोच मी ग्रुपवर टाकला. त्यात माझी सायकल भिंतीला टेकवलेली आहे आणि दोन्ही टायर टम्म आहेत. तुझ्या नजरेतून ते सुटलं नसणार. मी खोटं बोलले, समीक्षा, आणि तेही तुझा हात गळ्यात बांधलेला असताना, तुझ्या तोंडावर. मला त्याची फार लाज वाटते.

आज वर पोचल्यावर मी फोटो काढला नाही. पाणी प्यायले, सायकल वळवली आणि तुझ्या त्या वळणापर्यंत खाली आले. इथेच कठड्यावर बसून हे लिहितेय. समोर खडी अजून तशीच पडलेली आहे. मघाशी धनेशदादांचा फोन आला, झाला का घाट म्हणून. मी म्हटलं, नाही अजून. ते नुसते हसले. त्यांना समजलं असावं.

हे पत्र मी पोलादपूरला पोस्टात टाकणार आहे. उद्याचा रविवार सोडून पुढच्या रविवारी सकाळी सहाला करंजाड्यात तुझ्या बिल्डिंगच्या फाटकाशी मी सायकल घेऊन उभी असेन. फक्त कर्नाळ्यापर्यंत जाऊ. तू पुढे, मी मागे. सायकल न आणता नुसती शिव्या द्यायला खाली उतरलीस तरी चालेल. त्या ऐकायला मी तयार आहे. नाहीच उतरलीस तर त्यानंतरच्या रविवारी पुन्हा येईन. मला आता चढ चढायची सवय झाली आहे. तेवढे टॉवेल मात्र काढून ठेव.

तुझीच, आणि यापुढे तुझ्या मागेच,
कीर्ती