तलावाच्या यादीत आपलं नाव शेवटी

चि. रुपचंद,

चिरंजीव लिहू का नको, या विचारात सकाळचा चहा थंड झाला. लहान दीराले पत्र लिहिताना वर चिरंजीव लिहाचं, असं चौथीत शिकवलं होतं. मेलेल्या दीराले काय लिहाचं ते पाचवीत शिकवत असतील. मी पाचवीत गेली नाही. राहू दे मंग, चिरंजीवच.

रडाले बसली नाही मी. तू माघात गेला, आता आश्विन संपत आला. एवढ्या दिवसांत तुले काही सांगावं असं वाटलं नाही. जिवंत होता तेव्हा तरी कुठं ऐकत होता? पण काल आपल्या धानाच्या बांधीत तलावाचं पाणी आलं. त्याच्या आधी गावात जे झालं ते तुले दुसरं कोणी सांगणार नाही, म्हणून लिहून राहिली. अन् थोडं भांडाचंही आहे.

मी लग्न होऊन आली तेव्हा तू सहा वर्षांचा होता. माझ्या माहेराहून आलेलं घड्याळ तिसऱ्याच दिवशी ओसरीवर खोलून बसला. जोडलं तं दोन चाकं उरली. मी बोंबलली, तं म्हणतो कसा, "चालून राहिलं ना वहिनी? मंग ते दोन फालतूच होते!" अन् घड्याळ खरंच चालत होतं! तेव्हाच मले समजलं होतं की हा पोरगा लग्न करणार नाही. कोणती बाई राहिली असती तुझ्यासंग?

अर्जुनीच्या बस स्टँडजवळचं तुझं दुकान. समोर रेडिओ-टीव्हीची दुरुस्ती, मागं पडदा टाकून दोन टीव्ही अन् दोन व्हिडिओ गेम. कॅसेट चालली नाही की तोंडानं फुंकाची, अन् पुन्हा खोचाची. मी डबा घेऊन आली की तू गिऱ्हाईक सोडून मले भाषण द्याचा. जुना गेम इमानदार असते म्हणे. तीन जीव देते, ते संपले की सांगते, मेला तू, घरी जा. नवा गेम माणसाले मरूच देत नाही. म्हणते पैसे टाक अन् उठ.

तू मात्र जुन्या गेमसारखाच गेला. खुर्चीत बसल्या बसल्या, हातात ती झाळाची गरम सळई घेऊन. दुकान पेटलं नाही हेच नशीब! कोणी पैसे टाक म्हटलं नाही, कोणी उठ म्हटलं नाही.

गोंदियाचा एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला तेव्हा तिथली जुनी मशीन तू अर्जुनीपर्यंत बसनं अन् पुढं बैलगाडीत घालून घरी आणली. आठवते? काळा पडदा, हिरवी अक्षरं, अन् भुरभुर वाजणारा छापखाना. तुझे दादा म्हणाले, "याच्यापेक्षा गाय आणली असती तं दूध देलं असतं." तुले काही फरक पडला नाही. ज्या मशिनीले रोज इंटरनेट पाजा लागते अन् रोज नवीन कपडे घालून द्या लागते, ती मशीन नाही, तान्हं लेकरू आहे, असं तुझं मत. मशिनीनं एक काम करावं अन् गुमान बसावं. तुझी सगळीच मतं अशी. चहाच्या टपरीवर कोणी निवडणुकीचं काढलं की तू सुरू. "मशीन कोणाची बाजू घेत नाही. मशिनीजवळ बसलेला माणूस घेते. तुमी मशिनीले काऊन पाहता? माणसाले पाहा!"

हे वाक्य ध्यानात ठेव. पुढं कामी पडणार आहे.

माझा पाय मोडला त्या वर्षी तू मले तो विटा पडाचा खेळ शिकवला. वरून वीट येते, फिरवून खाली नीट बसवाची. तुले वाटलं म्हातारीले जमणार नाही. अरे, मी जल्मभर गोवऱ्या रचल्या! आठ दिवसांत तुझ्या दुकानातल्या पोरायले मागं टाकलं. इंग्रजी अक्षर मले एक येत नाही, पण मशीन चालू कराले कोणत्या चार कळा दाबाच्या ते बोटायले पाठ. मंग तू पडद्यावर दोन आकडे ठेवले. दोन दाबलं की खेळ. अन् एक दाबाचं नाही.

"एकमध्ये काय आहे?" मी विचारलं.

"तलावाची यादी. पाण्याची पाळी. तिथं हात लावाचा नाही, वहिनी."

नाही लावला. पंधरा वर्षं दुपारचं जेवण झालं की बसत होती, अन् दोनच दाबत होती. कोणाचं ऐकलं नाही मी एवढं!

पण त्या यादीपायी तुझ्यासंग भांडली किती! दर साली तलावाचं तुडुम उघडून पाणी सोडाच्या आधी तू छापखान्यावर यादी काढून पंचायतीच्या भिंतीले चिकटवाचा. कोणाच्या बांधीले पहिलं पाणी, कोणाच्या दुसरं. अन् आपलं नाव दर साली तळाशी. सगळ्या गावाचं धान भिजलं की मंग आपलं.

"तुझ्या मशिनीले शेवटाले आमीच कसे सापडतो रे?"

"वहिनी, मशीन निर्जीव हाय. तिले काय मालूम, कोण वहिनी अन् कोण पाटलीण?"

दादांनीही मान हलवली. दोघं भाऊ शहाणे, मी एकटी अडाणी.

आता यंदाचं ऐक. पोळ्याच्या आधी पाऊस मस्त झाला, तलाव भरला. मंग जो गायब झाला तो आलाच नाही. धान पोटरीत, लोंबी बाहेर निघाच्या बेतात, अन् बांधीले भेगा. तुडुम उघडा लागते, पण यादी कुठं आहे? मागच्या साली जे वर होते ते यंदा खाली जातात, हा तुझा कायदा. म्हणजे मागची यादी पाहिजे. अन् आपल्या नव्या सरपंचानं, निखिलनं, निवडून आल्या आल्या काय केलं? पंचायतीची भिंत घासून पुसून रंगवून घेतली! तुझे सगळे कागद खरडून उकिरड्यात. वरतून त्याच भिंतीवर स्वतःचा हात जोडलेला फोटो. विकास म्हणतात त्याले.

मंग काय, ज्याले त्याले आपला नंबर पहिला आठवाले लागला. वरल्या टोल्याचा सदाशिव म्हणे, मागच्या साली आमी शेवटून तिसरे होतो. खालच्या टोल्याची वस्ती म्हणे, खोटं! तलावाच्या पाळीवर कुऱ्हाडी घेऊन फिरणं सुरू झालं. ज्याच्यात दम त्यानं पाट फोडावा, असं चाललं. अन् जिथं दमावर पाणी वाटते तिथं शेवटच्या बांधीले काय भेटते ते सांगाले नको. आपल्या पावणेदोन एकराची लोंबी पोटातच वाळली असती.

दसऱ्याच्या सुट्टीत पायल आली होती. नात माझी, पण लाडाची तुझी, गोंदियाले कॉम्प्युटरचंच शिकते. एकले हात लावाचा नाही हे तुझं बोलणं धरून मी बसली होती, तं यादीसाठी तिनंच मशीन चालू करून पाह्यली. "आजी, याले तं माऊसच नाही! फक्त एक रेघ लुकलुक करून राहिली." अर्धा दिवस ठोकत बसली. तितक्यात सरपंच, सदाशिव अन् दोन्ही टोल्यांचे सात-आठ जण आंगणात येऊन उभे. यादी पाहाले आलो म्हणे. कुऱ्हाड मात्र सदाशिवच्या खांद्यावर होती.

मी भाकरी टाकून राहिली होती. तशीच उठली. "सरक," म्हटलं पायलले. पिठाच्या बोटानं चार कळा दाबल्या. मशीन गुरगुरली अन् दोन आकडे आले.

पायल माझ्याकडं पाहतच राहिली. "आजी, तुले मालूम आहे तू काय टाईप केलं?"

"काय?"

"चूप."

रुपचंद! पंधरा वर्षं माझ्याच हातानं मले चूप म्हणवून घेतलं तू? सगळे हसले. सदाशिव सगळ्यात मोठ्यानं हसला, अन् हसता हसता त्यानं कुऱ्हाड भिंतीले टेकवून ठेवली. म्हणून माफ केलं तुले. तेवढ्यापुरतं.

मंग मी एक दाबला.

यादी निघाली. मागची, त्याच्या मागची, सगळ्या सालाच्या याद्या निघाल्या. सदाशिव खरंच शेवटून तिसरा होता, पण तीन सालापूर्वी. त्यानं मान खाली घातली. पायल मशिनीचं पोट वाचत होती, तू लिहिलेलं. वाचता वाचता थांबली.

"आजी, मशीन एकावन्न नावं फिरवते. आपलं नाव त्यात नाहीच."

"म्हणजे?"

"फिरवणं झालं की शेवटी आपलं नाव जोडाचं, असं लहान्या आजोबानं हातानं लिहून ठेवलं आहे. पहिल्या सालापासून."

 तुझे दादा कानानं कमी ऐकतात, ते विचारत होते, "काय म्हणते? काय म्हणते?" कोणी सांगितलं नाही.

मले काय वाटलं सांगू? राग आला. सणसणीत आला. पंधरा वर्षं मले सांगतलं की मशिनीनं केलं, अन् मी मशिनीले शिव्या घातल्या! निर्जीव वस्तूले! मशिनीजवळ बसलेला माणूस पाहा म्हणत होता ना गावाले? मंग मले काऊन पाहू दिलं नाही? मी नाही म्हटलं असतं म्हणून? म्हटलंच असतं. बांधी काय तुझ्या एकट्याची होती? धान मी लावत होती, कंबर माझी दुखत होती.

बोलणार होती मी हे सगळ्यांसमोर. पण सदाशिवकडं पाह्यलं. तो दुपट्ट्यानं तोंड पुसत होता. म्हणे, "तुडुम कधी उघडाचं, काकू?"

बस. एवढंच. एकानंही म्हटलं नाही की यादी खोटी आहे. जो यादी करते तोच शेवटी उभा आहे, त्याच्यासंग कोण भांडणार? तेव्हा मले तुझी चाल समजली. समजली म्हणजे पटली असं नाही.

निखिल मात्र सरपंच आहे. तो लगेच म्हणाला, "आजी, ही डबडी आता कशाले पाहिजे? यादी मले द्या. मी मोबाईलवर करतो, ग्रुपवर टाकतो. सगळं पारदर्शक."

"घेऊन जा," म्हटलं मी. "पायल उतरवून देते. फक्त जो यादी करीन त्याचं नाव शेवटी. तुझी बारा एकर तुडुमाच्या तोंडाशीच आहे ना?"

त्यानं मोबाईल खिशात टाकला. "पाहू मंग पुढच्या साली," म्हणे.

इतक्या वर्षांत मी तुझ्यासंग राजकारणावर बोलली नाही, कारण तू बोलूच देत नव्हता. पण पाह्यलं ना? एका वाक्यात सरपंच खाली बसवला!

यादी निघाली, तुडुम उघडलं. एकेक नंबर सरकत गेला. सतराव्या दिवशी सदाशिवच्या बांधीले पाणी लागलं, तेव्हा त्यानं आपल्या हातानं पाट साफ केला, खाली आपल्यापर्यंत. कोणी सांगितलं नव्हतं. काल आपला नंबर. तलावात पाणी तळाले गेलं होतं, मले वाटलं ओला चिखलच भेटते. पण आलं. बारीक धारेनं आलं, दुपारपर्यंत घोट्याएवढं झालं. मी बांधावर बसून पाह्यलं. दादाही आले, काठी टेकत. म्हणाले, "शेवटचा नंबर असला की एक बरं असते. मागं उभं राहून कोणी बोंबलत नाही." मी त्यायले खरं काय ते अजून सांगितलं नाही. सांगीन. आधी माझा राग निवू दे.

लोंबी निघून राहिली आहे, रुपचंद. धान होते.

पायल म्हणते, मशीन जुनी झाली, कधीही बसन, सगळं दुसरीकडं उतरवून ठेवू. मी हो म्हटलं. पण उतरवताना चूप तेवढं काढून टाक म्हटलं. तिनं विचारलं, मंग काय ठेवू? मी म्हटलं, बोल. विटांच्या खेळात सगळ्यात मोठा आकडा अजून तुझा आहे. त्याचा गर्व करू नको. मले दुपारी वेळ असते, तुले आता नाही.

अन् एक वचन देते, हे मी सहसा देत नाही. जोपर्यंत बोटं चालतात तोपर्यंत एक मीच दाबीन, अन् आपलं नाव तळाशीच टाकीन. पण तुझ्यासारखं लपवून नाही. चावडीवर उभी राहून मोठ्यानं वाचीन, आपलं नाव कोणी टाकलं अन् काऊन टाकलं, ते धरून. माझ्यामागं ज्याच्या हाती कळ जाईल त्याचंही नाव तिथंच. हे मी पंचायतीच्या भिंतीवर लाल रंगानं लिहून घेतलं आहे, निखिलच्या जोडलेल्या हाताच्या बरोबर खाली. रंग त्यालेच आणाले लावला.

यादीत सगळ्यांच्या खाली असलेली,
तुझी वहिनी
कौसल्या