ॲमीटरचा काटा

५ जाने.
बाबांची जुनी गाडी परत मेली. गुरुवारी तर नवी बॅटरी घातली. हेडलाइट आधी डोळे वटारतात, मग पिवळे, मग काहीच नाही. १७ला तपासणी. दिवे लागले नाहीत तर नोंदणी रद्द, गाडी भंगारात. बाबांच्या खिडकीसमोरून ओढून नेतील. ब्रह्माघाटच्या अरुंद गल्लीत ही गाडी शिरेना म्हणून घर सोडून इकडे आलेला माणूस. अर्धांगाने वाचा गेली, डावा हात आणि खिडकी तेवढी उरली.
तो हातही गुरुवारपासून सारखा पालथा-उताणा करतात. डॉ. म्हणतात, झटके.

७ जाने.
मुन्ना मिस्त्री आला. बॅटरी चार्ज करणारा डायनमो आणि बॅटरी यांच्या मधलं कटआउट जळलंय म्हणाला, दुसरं बसवलं. इंजिन बंद ठेवूनच दिवे लावून पाहिले. बॅटरी भरतेय की उतरतेय ते दाखवणाऱ्या ॲमीटरचा काटा चार्जकडे. "देखा दीदी, चार्ज लेत हौ." मी त्याला पेढा दिला.

९
पुन्हा ठार. पेढा दिला, मूर्ख मी. नवं कटआउटही कडकडतंय. डायनमो खोलला, त्यात दोष नाही.
बाबांच्या हाताला तेल चोळलं. हिसडा मारून वाटी सांडली. मग रडले. मीही.

११ जाने.
पुण्याहून दादाचा फोन. जाऊ दे भंगारात, बाबांना काय कळतंय. मी चिडून फोन आपटला. पण खरंच कळतंय का? मला आता काहीच...

१३ जाने., दुपार
दाट धुकं. गाडीत नुसती बसून होते. दिवे लावले, काटा चार्जकडे. इंजिन बंद, मग चार्ज कोण करतंय, भूत? दिवे लावले की काटा डिस्चार्जकडे पडायला हवा.
बॅटरी बदलताना मुन्ना हसला होता, "बाबूजी त उल्टे तार कसले रहलन." बॅटरीचं प्लस टोक गाडीच्या बॉडीला होतं, ते त्याने 'सुधारलं'. मीही हसले. बाबांच्या खोलीत, त्यांच्या तोंडावर म्हणाले, जन्मभर गाडी उलटी जोडून चालवलीत.
आत्ता फडक्याने बॉडीवरचा बोल्ट पुसला. मळाखाली लाल रंगात, बाबांच्या हातचं, +.
या गाडीला असंच लागतं. अकरा दिवस हात उलटा करून तेच सांगत होते आणि मी तेल चोळत बसले.

१४, संक्रांत
मुन्नाला तिळगूळ दिला, तारा मात्र त्याने बदलल्या नाहीत. "आग लग जाई, दीदी." मीच बदलल्या. इंजिन चालू, दिवे चालू, ॲक्सिलरेटर दाबला. काटा हळूहळू चार्जकडे. दिवे पिवळे पडले नाहीत.
कटआउट मात्र अर्धं जळलेलं. नवं १७च्या आत मिळत नाही. मुन्ना म्हणतो, "चार दिन चली कि चालीस, के जाने."
आत जाऊन बाबांसमोर माझा हात पालथा केला. म्हटलं, बाबा, चुकले. त्यांचा हात थांबला. मग पुन्हा सुरू झाला, पण वेगळा. अंगठा आणि बोट जुळवून, किल्ली फिरवल्यासारखा.
डॉ. म्हणतात, त्यांना गाडीत बसूसुद्धा देऊ नका. १७ला, शुक्रवारी, गाडी तपासणीला निघेल तेव्हा ते खिडकीतच असतील.