सरांचं इंग्रजी आणि मागचा फळा

ती. आई,
लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. खोली उबदार आहे आणि आता भातही करपत नाही. तुझा गुडघा काय म्हणतो?

कॉलेज चांगलं आहे. फक्त एक गोष्ट मनातून जात नाही. पदवी पूर्ण इंग्रजीतून आहे, असं प्रवेशवाले काका आपल्याच सोफ्यावर बसून म्हणाले होते ना? इथे सर पाच मिनिटं इंग्रजीत बोलतात आणि मग हळूच इथल्या भाषेवर घसरतात. वर्ग हसला की मीही हसते. कशाला, ते देव जाणे. ऑफिसातल्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "होईल सवय."

काल मात्र सर तासभर इंग्रजीतच बोलले. मी हरखले, आणि मग मागच्या बाकाजवळ कॅमेरा दिसला. कॅमेरावाला गेला, पाठोपाठ इंग्रजीही गेलं. काहीतरी शिजतंय, आई.

शेंडेफळाचा अर्जही काकाच भरणार आहेत ना? ते तो व्हिडिओ घेऊन घरी येतील बघ. पहिल्या बाकावर मी मान डोलावताना दिसेन. बाबा मला बघूनच विरघळतील, त्यांना आवर. काकांना चहा दे, सही देऊ नको.

आणि शेंडेफळाला सांग, ताईकडे बघू नकोस, सरांच्या मागचा फळा बघ. कॅमेऱ्याच्या घाईत सर तो पुसायला विसरले होते. त्यावर इंग्रजीतलं एक जरी वाक्य सापडलं, तर खुशाल ये.

तुझी,
थोरली