वस्तऱ्याखालची संमती

२ जून, सकाळी ८
आजपासून सलूनचे व्हिडिओ टाकायचे. ठराव पक्का. कोपऱ्यावरच्या नव्या सलूनमध्ये एसी आहे, आपल्याकडे कला आहे. बायको म्हणाली, आधी गिऱ्हाइकांना विचारा. विचारणारच! कायदा मला कुणी शिकवू नये.

४ जून
पाच जणांना विचारलं. गळ्यावर वस्तरा फिरत असताना विचारलं, म्हणजे शांतपणे विचार करता येतो. एकानेही नाही म्हटलं नाही. हूं नाही की चूं नाही. पाचही संमत्या वहीत लिहिल्या.

९ जून, दुकान बंद
सुट्टीच्या दिवशी शटर अर्धं ओढून पोस्टमास्तर साहेबांचा विग धुऊन सेट करतो. वीस वर्षांचं गुपित. त्यांच्या बायकोला आणि मला, दोघांनाच ठाऊक. आज ते विग उतरवून बसले, तेव्हा मोबाईल कपाटावर टेकवून सुरू ठेवला. त्यांना विचारलं नाही. चेहरा ब्लर करणार आहे. चेहराच नाही तर माणूस कुठला?

११ जून
चाळीस हजार व्ह्यूज! बायको म्हणाली, नीट बघा. बघितलं. सलूनमध्ये समोर आरसा, मागे आरसा. मी ब्लर केला तो खुर्चीतला चेहरा. आरशांत सात पोस्टमास्तर लख्ख दिसतायत. सातवा लहान आहे, तो चालण्यासारखा आहे.

१२ जून
व्हिडिओ काढून टाकला. पण पोस्टातल्या कुणीतरी आधीच डाउनलोड करून सगळ्या स्टाफला पाठवलाय. यात माझा दोष शून्य. मी एकदाच टाकला, पुढचं लोकांनी केलं.

१३ जून
साहेबांची पुतणी वकील आहे. तिची नोटीस आली. परवानगीशिवाय खाजगी चित्रण, बदनामी, मनस्ताप, वगैरे. सात दिवसांत लेखी माफी मागा. लेखी माफी वाचतो कोण? मी मोठ्या मनाचा माणूस, जाहीर मागणार.

१४ जून
माफीचा व्हिडिओ टाकला. हात जोडून म्हटलं, आमच्या पोस्टमास्तर साहेबांचा विग जगाला दाखवल्याबद्दल क्षमस्व. पहिल्यापेक्षा जोरात चालला. बायको बोलत नाहीये. कंठ दाटून आला असावा.

१६ जून
गिऱ्हाईक खुर्चीत बसण्याआधी मोबाईल कुठे आहे ते विचारतं. एकजण अर्ध्या दाढीवर उठून गेला. वही दाखवायला निघालो, तर म्हणाला, वस्तऱ्यापुढे नाही म्हणायला मी काय वेडा आहे?

१८ जून, संध्याकाळ
शेवटी साहेबांच्या घरी गेलो. दार त्यांनीच उघडलं. विग नाही! म्हणाले, सगळ्यांना कळलंच आहे, आता कशाला घालू? मला हायसं वाटलं. म्हटलं, म्हणजे बरंच झालं की साहेब, तुम्ही मोकळे झालात! साहेब म्हणाले, रिटायर होताना निरोपाच्या भाषणात मी स्वतःच विग काढून सगळ्यांना हसवणार होतो. तीन महिने राहिले होते. भाषण पाठ करत होतो.
फार लाज वाटली.
घरी आल्यावर बायकोने विचारलं, रागावले का? म्हटलं, नाही, पाणी दिलं.
सलूनच्या व्हिडिओंचं अकाउंट बंद केलं.