सहा सेकंदांचा नमुना

बुसैतीन, बहरीन
रविवार

अब्बा, सलाम.

हे पत्र पाठवणार नाही. तुम्हाला आता अक्षरं वाचता येत नाहीत, आणि वाचून दाखवायचं तर अम्मीला हे सगळं आधी कळेल.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातला तुमचा इंग्रज कवी, ज्याची कविता तुम्ही खेडच्या शाळेत तीस वर्षं शिकवलीत, त्याच्या मुलखात त्याच्या नावाचा उत्सव काल झाला. देशोदेशीच्या वाचकांनी त्याच्या कविता वाचून पाठवलेली रेकॉर्डिंग तिथे ऐकवतात. त्यात तुमचंही असणार होतं. तुम्ही मला तीनदा पाठवलंत आणि मी तिन्ही नापास केली. मागे कुकर वाजत होता, अम्मी म्हणत होती, "चहा निवतोय, मास्तर."

मी म्हणाले, "आमच्या स्टुडिओत असलं चालत नाही, अब्बा. जुनी पुसून टाका, मीही पुसते."

तुम्ही हसलात. "यल्ला, चला, इंजिनिअरबाई. चौथ्यांदा."

त्याच आठवड्यात तुम्हाला अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली.

काल मी उत्सव मोबाइलवर ऐकला. पियानो थांबला आणि कुणा म्हाताऱ्याचं रेकॉर्डिंग लागलं. त्याच्या मागे कुत्रा भुंकत होता. कुणीही तो काढला नव्हता.

मागचा गोंगाट काढायचा तर आधी त्याचा नमुना वेगळा कापून ठेवावा लागतो. तुमच्या रेकॉर्डिंगमधला माझ्याकडे तेवढाच उरला आहे. सहा सेकंद. त्यात कुकर आहे, अम्मी आहे, आणि कविता सुरू करण्याआधी तुम्ही घेतलेला श्वास आहे.

त्यापुढे काही नाही.

तुमची
अलिना