आईच्या नावाची माशी

ती. दादास,

कृतानेक नमस्कार. तुझा गुडघा आता कुरकुरत नसेल आणि वहिनीची पाठही बरी असेल, अशी आशा करते. (फरशी इतकी घासायची नसते म्हणावं.) इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. हे वाक्य मला परवापर्यंत लिहिता आलं नसतं.

न्हाणीघराच्या भिंतीवर बसते ती करडी, केसाळ, चिमुकली माशी तुला ठाऊकच आहे. आपण तिच्यावर तांब्याभर पाणी मारतो, ह्यांनी तिच्यावर उभं आयुष्य ओवाळून टाकलंय. तिच्या जवळच्या जाती दिसायला हुबेहूब सारख्या. माद्या तर ओळखूच येत नाहीत आणि नराची ओळख पटते ती भिंगाखाली त्याचं बूड पाहून. (हसू नकोस, आमचं घर त्यावर चालतं.) तर आमच्याच मोरीतल्या काही नरांची बुडं ह्यांना उलटी दिसली. वरचे चिमटे खाली, खालचे वर. म्हणजे नवीन जात! आनंदाच्या भरात जेवताना ह्यांनी जाहीर केलं, की जातीला सासूबाईंचं नाव देणार. आई हरखली. (जावयाने आपण होऊन दिलेली ही पहिलीच वस्तू.) जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटली. मला मात्र पुढचं दिसू लागलं. आईचं नाव पुस्तकात कायमचं छापलं जाणार, आणि त्यापुढे मुक्काम काय, तर लेकीची तुंबलेली मोरी!

लेख पाठवायच्या आदल्या दिवशी आईने मैत्रिणींना दाखवायला एक जिवंत माशी मागितली. ह्यांनी गाळातून नुकताच बाहेर पडलेला एक नर, बूड तपासून, बरणीत घालून दिला. मैत्रिणी आल्या दुसऱ्या दिवशी. त्यांना नुसता ठिपकाच दिसला, म्हणून ह्यांनी तो पुन्हा भिंगाखाली धरला. बूड सुलटं झालं होतं! ह्या माशीचा नर जन्मला की त्याचं बूड दिवसभरात अर्धा फेरा घेऊन जागेवर बसतं. स्वतः दरवर्षी हेच विद्यार्थ्यांना शिकवतात, आणि घरच्या मोरीपाशी साफ विसरले. नवी जात कसली, कालची पोरं होती ती! लेख फाडला. मला इतकं हलकं वाटलं, की स्वयंपाकघरात जाऊन चक्क रडून घेतलं. आई हिरमुसली होती, पण मग तिनेही भिंगात डोकावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "जावईबापू, ह्याच्यावरून ओळखणार होते होय लोक मला?" आता तीही मोकळी झाली आहे. मोरी मी आजच घासली.

तुझी,
धाकटी बहीण

ता. क. आईला हवापालट हवा आहे. रविवारी तिला घेऊन येतो. हेही पंधरा दिवस राहतील.

ता. क. मागच्या खेपेस ह्यांनी तुमच्या न्हाणीघरातून एक जिवंत नर डबीत घालून आणला होता. त्याच्या बाबतीत घाई न करता चांगले दोन दिवस थांबले. बूड जागेवर बसलंय आणि तरीही वेगळंच आहे. तेव्हा आम्ही येईपर्यंत मोरीला ब्रश लावू देऊ नकोस.

ता. क. नाव आईनेच सुचवलंय. सुनेच्या स्वच्छतेचा तिला किती अभिमान आहे, ते तू जाणतोसच. पत्र वहिनीच्या हाती पडायच्या आत फाडून टाक.